कोमट बाटली

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — नवऱ्यालासुद्धा नाही. तुम्हाला सांगतेय म्हणजे तुम्ही माझ्या फार जवळचे, असा गैरसमज नको. तुम्ही रत्नाला ओळखत नाही, एवढंच तुमचं क्वालिफिकेशन.

आमची पांढरी वाइन कदाचित तुम्ही प्यायलाही असाल. बाटलीच्या मागच्या बाजूला माझं नाव छापलेलं असतं. लोक पेला गोल गोल फिरवतात, त्यात नाक खुपसतात आणि मला म्हणतात, अहो, काय मिश्रण जमलंय! जमणारच. रत्नाचं आहे ते. प्रमाण तिनेच मला आपणहून सांगितलं होतं, आणि ती नोकरी सोडून गेल्यावर पुढच्याच हंगामात मी ते माझं म्हणून बाटलीत भरलं. पण थांबा — चोरी ही यातली त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

आम्ही दोघी बरोबर शिकलो, सदाशिव पेठेत एका खोलीत राहिलो, शहराबाहेरच्या एकाच वायनरीत लागलो. तिचे वडील खडकीच्या कारखान्यात. घरात कुणी वाइनचा थेंब पाहिलेला नाही, आणि हिचं नाक मात्र असं! मला तिचा राग यायचा. खरं सांगू? अजून येतो. माणसाने हुशार असावं हो, पण इतकं सहज?

मिश्रणाची रीत जुनी, फ्रान्सकडची. एकेका द्राक्षाची वाइन वेगळ्या टाकीत करायची, मग चाखत चाखत एकत्र आणायची. शेनिन जातीच्या द्राक्षाची मऊ, सोव्हिन्याँची आंबट, तरतरीत; एकीत नाही ते दुसरीने भरून काढायचं. मी त्यावरची पुस्तकं पाठ केली होती. आणि रत्ना? "आमटीत चिंच वेगळी कळली की आमटी बिघडली, वसू." झालं, संपलं हिचं शास्त्र. तिचं मिश्रण मी गुपचूप चाखलं तेव्हा मला रडूच फुटलं. माझं त्यापुढे लिंबू सरबत.

मालक मूळचे बिल्डर. त्यांनी दोघींना एकेक मिश्रण करायला सांगितलं. जिचं निवडतील ती वाइनमेकर, दुसरीने दुसरीकडे नोकरी बघायची. चाखायचे नियम ठरलेले — बाटल्या कागदात गुंडाळायच्या, कुठली कुणाची ते कळता कामा नये, आणि निकाल लागेपर्यंत आम्ही दोघींनी तोंड उघडायचं नाही.

एप्रिलमधली दुपार होती. रत्ना पेले पुसत होती. तिची बाटली माझ्या हातात देऊन म्हणाली, "बर्फात ठेव गं."

माझी ठेवली. तिची — तिची मी पडद्यामागे खिडकीत ठेवली. उन्हात. विसरून? चुकून? छे! पांढरी वाइन कोमट झाली की आंबटपणा लुळा पडतो आणि नुसतं अल्कोहोल नाकात जातं, हेही माझं पाठच होतं. मालक यायच्या जरा आधी ती बर्फात बुडवली, बाहेरून गार लागावी म्हणून. कागद मग गुंडाळले.

मालकांनी तिची चाखली आणि तोंड वाकडं केलं. माझी चाखून मान डोलावली. मग पेले आमच्याकडे आले.

रत्ना आता औषधांच्या कंपनीत आहे म्हणे, वाइनला हातही लावत नाही. त्या दुपारी तिने एक घोट घेतला आणि थांबली. तिला कळलं. तिला न कळून कसं चालेल? तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही — रागावली असती तर मी तिला पुरून उरले असते. ती वाट बघत होती. नियम तिने पाळला, आणि तिला वाटलं, खरं सांगायला मी तरी मोडेन.

मी मोडला. तिच्याच वाइनचा पेला ओठांना लावला आणि मालकांकडे बघत म्हणाले, "ही जरा जळजळते, नाही?"