दसऱ्याच्या अर्ध्या तासाचं बिल

मिलच्या आवारात शेळ्या चरत होत्या. गोदामाला कुलूप, नव्या मशिनांवर ताडपत्री, आणि निंबाच्या सावलीत बसून मनीषाताई मला विचारत होत्या, "मॅडम, मार्चपासून इथे एक किलो कापूस आलेला नाही. मग एवढी वीज खातंय कोण? या शेळ्या?"

चोपड्याबाहेरची ही जिनिंग मिल. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायची आणि उरलेल्या रुईच्या गठाणी बांधायच्या. हे काम दसऱ्यानंतर सुरू होतं आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतं. बाकीचे महिने मिल झोपलेली असते. मी जळगावला राहते आणि कारखान्यांची वीजबिलं तपासते. माझ्याकडे लोक सगळ्यात शेवटी येतात. आधी वायरमन, मग मीटर तपासणारा, मग एखादा महाराज, आणि कुठेच गुण आला नाही की मी.

मनीषाताई म्हणजे मिलचे मालक आबा यांची मुलगी. आबांनी तीन वर्षांपूर्वी कारभार ताईंच्या हाती दिला. ताईंनी पहिल्याच वर्षी नवी लाइन टाकली. लाइन म्हणजे ओळीने बसवलेले रेचे, कापसातून सरकी वेगळी काढणारी मशिनं. आणि त्याच वर्षापासून बिल वाढलं. ताईंचे चुलतभाऊ प्रमोदभाऊ तिथेच खुर्ची टाकून बसले होते. ते सरळ म्हणाले, "मॅडम, मी स्पष्ट बोलतो. ताईची नवी लाइन वीज खाते. भाड्याने घ्यायला पार्टी तयार आहे. दसऱ्यानंतर पहिलं बिल येईल, ते उतरलं नाही तर मिल द्यायची. आबांनीही हो म्हटलंय."

 ताईंनी हातातला अर्ज माझ्यापुढे केला. अर्ज होता मंजूर भार वाढवून घेण्याचा. कुणीतरी सल्ला दिला होता की करार तीनशेचा आहे तो पाचशेचा करा, म्हणजे दंड लागणार नाही.

"हा अर्ज देऊ नका," मी म्हटलं. "दिलात तर मी आत्ताच जळगावची गाडी पकडते."

माझा आवाज जरा चढतो, हे मला माहीत आहे. पण त्या अर्जाने बिल कमी तर झालं नसतंच, उलट कायमचं वाढलं असतं. का, ते सांगते.

उद्योगाच्या बिलात दोन मुख्य गोष्टी असतात. युनिट आणि डिमांड. आमच्याकडच्या भरीत पार्टीचं उदाहरण घ्या. दिवसभरात एकूण किती भरीत खाल्लं गेलं, ते युनिट. एका वेळी किती माणसं पंगतीला बसली, ती डिमांड. आचाऱ्याला सगळ्यात मोठ्या पंगतीच्या हिशेबाने भांडी, चुली आणि वाढपी आणावे लागतात. मग तेवढी मोठी पंगत एकदाच बसली तरी त्याला तेवढी तयारी ठेवावीच लागते आणि त्या तयारीचे पैसे तो घेतो. वीज कंपनीही तेच करते. तुमच्यासाठी तारा, ट्रान्सफॉर्मर राखून ठेवते आणि त्याचा आकार लावते. किती राखायचं त्याचा करार असतो, तो केव्हीए या मापात. करार जितका मोठा तितका हा आकारही मोठा, मग मशिनं फिरोत न फिरोत.

यात एक खोच आहे. एखाद्या महिन्यात डिमांड फार वर गेली, तर त्या आकड्याची सावली पुढचे अकरा महिने बिलावर पडते, म्हणजे मशिनं बंद असली तरी आकार त्या जुन्या आकड्यावरून लागत राहतो. करार ओलांडल्याचा दंड वेगळा. त्यामुळे बंद मिलच्या बिलात विजेची चोरी शोधायची नसते. मागे कधी मोठी पंगत बसली होती, ते शोधायचं असतं.

गेल्या ऑक्टोबरच्या बिलात डिमांड जवळपास साडेचारशे होती. करार तीनशेचा. बाकी अख्ख्या सीझनमध्ये ती अडीचशेच्या वर गेली नव्हती. आणि ऑक्टोबरात युनिट तर अगदीच थोडे. म्हणजे काम नाही आणि पंगत मात्र गावजेवणाची.

"ऑक्टोबरमध्ये काय केलंत?" मी विचारलं.

"काहीच नाही," ताई म्हणाल्या. "माल तर नोव्हेंबरात सुरू झाला."

मी उठले आणि मिलभर फिरले. एकटीने फिरायला मला आवडतं, मशिनं माणसांपेक्षा कमी वाद घालतात. नव्या लाइनवर धूळ होती. मागच्या शेडमध्ये जुनी लाइन होती, आबांच्या वडिलांच्या वेळची. तिला सीझनमध्ये कुणी हात लावत नाही, असं ताईंनीच सांगितलं होतं. पण ती चकचकीत होती. बेअरिंगांना ताजं ग्रीस, पट्टे ताणलेले, आणि शेजारी स्टुलावर बसून आबा स्वतः एका रेच्याची कड फडक्याने पुसत होते.

"आबा, ही तर बंद असते ना?"

"बंद कसानी, माय? ही मन्हा बापनी लाइन शे," आबा अहिराणीत म्हणाले. "सीझनमा हिले काम नही. पण दसराले हीबी फिरस आन नवीबी फिरस. दोन्ही प्रेस, सरकीनी घाणी, बठ्ठं एकदम. पहिला कापूस बठ्ठा रेचासले देवाना."

मी जागीच थांबले. "आणि किती वेळ चालतं?"

"पाहुणा आवारमा शे तवर मशीन बंद करतस नही. तो पाहुणाना अपमान व्हस."

मला आनंदाने त्या रेच्यालाच मिठी मारावीशी वाटली. सापडलं होतं. वर्षातून एकच दिवस, जेव्हा या मिलमध्ये दोन्ही लाइनी, गठाणी दाबणारे प्रेस, सरकीचं तेल काढणारी घाणी, सगळं एका वेळी फिरायचं, तेही माल विकण्यासाठी नाही, पूजेसाठी. त्यात जुन्या लाइनला भार आटोक्यात ठेवणारे कपॅसिटर नव्हते, त्यामुळे तिचा भार होता त्याहून मोठा दिसायचा. पूर्वी जुनी लाइन एकटीच होती, तेव्हा हे सगळं करारात बसत होतं. नवी आली आणि तिच्या शेजारी जुनीही दरसाल मान म्हणून फिरत राहिली. दोष नव्या लाइनचा नव्हता. दोन्ही मिळून फिरवण्याचा होता.

मीटरमधला डेटा काढून घेतला तेव्हा ते स्पष्टच झालं. दसऱ्याच्या दुपारी एक उंच सुळका आणि बाकी वर्षभर सपाट. मी तो आलेख सगळ्यांना दाखवला आणि म्हटलं, "यंदा जुनी लाइन चालवू नका. विषय संपला."

आबांनी आलेखाकडे पाहिलंही नाही. "एक बी मशीन मुकं ऱ्हावाले नको," ते म्हणाले. विषय त्यांच्या बाजूनेही संपला होता.

मी चिडले. समजावलं, हात जोडले, पुन्हा चिडले. बोलता बोलता सांगितलं की रात्रीच्या ठरावीक तासांतली डिमांड हिशेबात धरत नाहीत. त्यावर प्रमोदभाऊ हसून म्हणाले, "मग पूजा रात्री दोनला ठेवू."

"देव रातपाळीले येस का रे?" आबांनी विचारलं. 

परत येताना बसमध्ये माझी चिडचिड चालूच होती. आणि मध्येच ते सुचलं. इतकं साधं होतं की मला स्वतःचाच राग आला. मीटर क्षणाचा भार मोजत नाही. तो अर्ध्या तासाची सरासरी काढतो. या मीटरचे अर्ध्या तासाचे कप्पे ठरलेले आहेत, दोन ते अडीच, अडीच ते तीन, असे. आता सगळी मशिनं दोन ते अडीच फिरवली, तर तो कप्पा पूर्ण भरतो आणि साडेचारशे नोंदले जातात. पण तीच मशिनं सव्वादोनला चालू करून पावणेतीनला बंद केली तर? अर्धा तास तोच. पण निम्मा एका कप्प्यात, निम्मा दुसऱ्यात. दोन्हीकडे सरासरी सव्वादोनशे. करार तीनशेचा. मी बसमध्ये मोठ्याने हसले. शेजारच्या बाईंनी पिशवी जवळ ओढून घेतली.

त्यात विजय मुहूर्त दुपारचा असतो आणि तो एक क्षण नसतो, चांगला बराच वेळ असतो. सव्वादोन त्यात आरामात बसत होते. मी ताईंना फोन केला. ताईंनी आबांना गाठलं. आबांची एकच अट होती, पाहुणे असताना मिल मुकी होता कामा नये. ताईंनी त्यावर तोड काढली. पावणेतीनला बाकी सगळं बंद, पण जुन्या लाइनचा एक रेचा शेवटचा पाहुणा जाईपर्यंत फिरत राहील. आबा हो म्हणाले.

संधी एकदाच होती. गेल्या ऑक्टोबरचा आकडा या ऑक्टोबरात अकरा महिन्यांच्या बाहेर पडत होता. यंदाचा दसरा नीट गेला तर वर्ष सुटणार होतं. चुकला तर सावली पुन्हा वर्षभर आणि मिल दुसऱ्याच्या ताब्यात.

दसऱ्याला मी सकाळीच पोचले. मीटरचं घड्याळ माझ्या मोबाइलच्या थोडं मागे होतं. मी मोबाइल बाजूला ठेवला आणि मीटरचं घड्याळ खरं धरलं, कारण बिल तेच करणार होतं. गेटजवळच्या मीटरच्या केबिनमध्ये मी उभी राहणार होते. पावणेतीन झाले की लाल ओढणी हलवायची, ताई पॅनलवरून नवी मशिनं बंद करणार आणि आबा मागच्या शेडमधून जुनी लाइन, एक रेचा सोडून. मशिनांच्या आवाजात फोनचा काही उपयोग नसतो.

पूजा उशिरा सुरू झाली. आबांचे एक जुने व्यापारी मित्र यायचे होते आणि त्यांच्याशिवाय नारळ फुटणार नव्हता. ते आले, नारळ फुटला, सगळं धडधडत सुरू झालं, तोवर मीटरवर दोन वीस होऊन गेले होते. उशिराने सुरू झालं म्हणून उशिराने बंद करून चालणार नव्हतं. बंद करायची वेळ तीच होती, नाहीतर दुसरा कप्पा जास्त भरला असता. आवारात कापसाचे तंतू उडायला लागले. लोक उत्साहाने टाळ्या वाजवत होते. माझी नजर डिस्प्लेवर.

अडीचला कप्पा बदलला, आकडा शून्यावरून पुन्हा चढू लागला. पन्नास. शंभर. दीडशे. पावणेतीनला मी ओढणी हलवली. ताईंनी पॅनलवरचं बटण दाबलं, नवी लाइन, प्रेस आणि घाणी थांबली. जुनी लाइन चालूच होती. तिचे स्विच मागच्या शेडमध्ये आबांच्या हाताशी होते आणि आबा पाहुण्यांना ती दाखवण्यात रमले होते. प्रसादाची रांग अजून गेटपर्यंत होती.

आकडा चढायचा थांबला नाही, फक्त हळू झाला. दोनशे तीस. दोनशे चाळीस. ही एकटी लाइन तीनपर्यंत चालली असती तर तीनशे ओलांडले असते. मी केबिन सोडून शेडकडे पळाले. ताई आबांच्या कानाशी काहीतरी सांगत होत्या. आबांनी नकारार्थी मान हलवली आणि रांगेकडे बोट दाखवलं. त्या मिलमध्ये आबांच्या इशाऱ्याशिवाय ती लाइन आजवर कुणी थांबवली नव्हती. कामगार मान खाली घालून उभे होते.

ताईंनी हात पुढे केला आणि स्विच पाडले. एक सोडून सगळे.

एकदम इतकी शांतता झाली की माझी धाप मलाच ऐकू आली. कोपऱ्यातला एक रेचा तेवढा फिरत होता. पाहुणे थबकले. प्रमोदभाऊ पुढे येऊन म्हणाले, "ताई, आबांच्या लाइनला हात लावलास?"

आबांनी त्यांना हातानेच थांबवलं. ते त्या फिरणाऱ्या एका रेच्याकडे पाहत होते, मग ताईंकडे वळले. "मालकीननी बंद करी," ते म्हणाले. "तुन्हं काय जास?"

 मी मीटर बघायला परत गेले आणि तीनला कप्पा बंद होईपर्यंत तिथेच थांबले. दोनशे सत्तर.

पहिलं बिल आलं ते प्रमोदभाऊंनीच आधी उघडलं. डिमांड दोनशे सत्तरच होती, दंडाची ओळ कोरी. मिल भाड्याने घ्यायला बसलेल्या पार्टीला त्यांनीच फोन करून नाही सांगितलं. मग रावेरच्या त्यांच्या केळीच्या कोल्ड स्टोरेजचं बिल माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, "मॅडम, जरा हेही बघा."

या धंद्यात मी एवढंच शिकले. बिल हातात आलं की युनिट नंतर बघा, आधी डिमांडची ओळ बघा. ती फुगलेली दिसली तर मशिनला दोष देऊ नका. त्या महिन्यात काय साजरं केलं, ते घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाला विचारा.