फिल्टरला लावलेलं तेल

उत्तर सीमेवरच्या युनिटात माझं पोस्टिंग झालं तेव्हा मी हवालदार होतो. ट्रेड व्हेईकल मेकॅनिक, गाव हळर्ण, तालुका पेडणे. पोचलो त्या संध्याकाळी रोलकॉल सुटल्यावर एक शिडशिडीत नाईक समोर येऊन सावधान उभा राहिला.

"उस्ताद, तुमी पेडण्याचे मरे? हांव डिचोलीचो."

तो विठू गावस, आमच्या अँब्युलन्सचा ड्रायव्हर. इतक्या लांब मुलखात गावची बोली कानावर पडली आणि प्रवासाचा शीण उतरला. चारचौघांत तो मला उस्ताद म्हणायचा, दोघेच असलो की दादा.

त्याचे वडील डिचोलीला खाणीवर ट्रक चालवत. भरती होण्याआधी दोन वर्षं विठूनेही तोच ट्रक चालवला होता. खाणीच्या रस्त्यावरची तांबडी धूळ ज्यांनी पाहिली नाही त्यांना ती सांगून कळणार नाही. ती जेवणात येते, धुतलेल्या कपड्यात येते, इंजिनात तर येतेच. म्हणून तिथले ड्रायव्हर एअर फिल्टरवर तेलाचा हात फिरवतात. धूळ तेलाला चिकटते आणि आत जात नाही. जुन्या ट्रकला ते चालून जातं.

आमची अँब्युलन्स मात्र नवी, पेट्रोलवरची होती. तिच्यात मास एअरफ्लो सेन्सर होता. फिल्टरच्या पुढच्या नळीत केसासारखी बारीक, तापलेली तार असते. वाहत्या हवेने ती निवते, आणि किती निवली त्यावरून गाडीचा कॉम्प्युटर हवा मोजून तेवढंच पेट्रोल सोडतो. तारेवर तेल बसलं की मोजमाप चुकतं, पेट्रोल कमी पडतं आणि चढावर गाडी मान टाकते. हे मी कोर्समध्ये शिकलो होतो. गावसला ते कोणी शिकवलं नव्हतं. शिकवायचं काम माझं होतं.

साडेपाचला पीटी, सातला गाड्यांची तपासणी. फिल्टरची पेटी आठवड्यातून एकदा उघडून बघायची असा नियम होता. पण तपासणीच्या कागदावर गावसची सही दिसली की त्याखाली मी डोळे मिटून माझी सही ठोकायचो. त्याच्याइतकी नीट गाडी युनिटात कोणी ठेवत नसे.

एका सकाळी तपासणीच्या वेळी तो म्हणाला, "दादा, गाडी चडणीर दमता."

मी हसून म्हणालो, "अरे, अकरा हजार फुटांर तूंय दमता, मगे ती दमची ना?"

तोही हसला. उंचीवर हवा विरळ असते आणि इंजिन थोडं दमतंच, हे खोटं नाही. पण मी बॉनेट उघडलं नाही.

त्यानंतर आठव्या दिवशी आम्ही दोघे अँब्युलन्स घेऊन पुढच्या चौकीवर गेलो. त्याला एक आजारी जवान खाली आणायचा होता, मला तिथला जनरेटर बघायचा होता. नऊ वाजून दहा मिनिटांनी चौकीजवळ तोफगोळा पडला. आजारी जवानाला ओरखडाही आला नाही. गावसच्या पोटात गोळ्याचा तुकडा, स्प्लिंटर, घुसला.

नऊ पंचवीसला आम्ही निघालो. गाडी मी चालवत होतो. मागे स्ट्रेचरवर गावस, त्याच्याजवळ चौकीवरचा नर्सिंग असिस्टंट आणि तो आजारी जवान. फील्ड हॉस्पिटल अठरा किलोमीटर, मध्ये एक मोठा चढ. त्या चढावर नऊ पन्नासला इंजिन खोकलं आणि बंद पडलं. पुन्हा सुरू केलं. जागेवर चाले, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की मरे.

वायरलेस खरखरला. "मोबाइल वन, तुमची पोझिशन? ओव्हर."

"चढावर. ब्रेकडाउन. दुसरी गाडी पाठवा. ओव्हर."

"दुसरी गाडी एक तास. ओव्हर."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, तसं माझं झालं. पेट्रोलमध्ये पाणी असणार हे मी मनात पक्कं करून टाकलं. पेट्रोल फिल्टर काढला, बदलला, लाइन साफ केली. त्यात बावीस मिनिटं गेली. गाडी सुरू केली, अ‍ॅक्सिलरेटर दाबला. पुन्हा तेच.

तेवढ्यात मागून हाक आली. "दादा."

मी मागचं दार उघडलं. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"फिल्टराक तेल लायलां हांवें. धूळ खूब आसली."

"किती लायलें?"

"दोन कुलेरी."

कुलेर म्हणजे आमच्याकडचा चमचा. मी धावत पुढे गेलो. तार पुसायला ना वेळ होता ना सामान. सेन्सरचा कनेक्टर उपसून काढला. सेन्सरच नाही म्हटल्यावर कॉम्प्युटर मोजमाप सोडून ठरावीक पेट्रोल सोडतो. पुन्हा सुरू केलं, मीटरवर पिवळा दिवा लागला आणि इंजिनाने जोर धरला. या कामाला एक मिनिटही लागलं नाही.

चढ संपत आला तेव्हा मागून त्याचा आवाज आला. "आतां बरी ओडता."

त्यानंतर तो बोलला नाही. दहा पंचावन्नला आम्ही हॉस्पिटलला पोचलो. अकरा वीसला तो गेला. बाहेर येऊन डॉक्टर म्हणाले, "अर्धा तास आधी..." आणि माझ्या पेट्रोलने माखलेल्या हातांकडे बघून परत आत गेले.

चौकशीत मी सगळं लिहून दिलं. तेल, न उघडलेली पेटी, बावीस मिनिटं. साहेबांनी वाचून फाइल मिटली.

त्याची ट्रंक घेऊन मी डिचोलीला गेलो. तेच सगळं त्याच्या वडिलांनाही सांगायचं, असं अख्ख्या प्रवासात घोकलं होतं. त्यांनी ट्रंकेवर हात ठेवला.

मग विचारलं, "गाडी बरी सांबाळतालो मरे तो?"

"सगळ्यांत बरी, काका."

"फिल्टराक तेल लायतालो? हांवें शिकयलेलें ताका."

मी म्हणालो, "लायतालो."

म्हातारा आतल्या दाराकडे वळला आणि बायकोला म्हणाला, "आयकलें? बापायचें विसरूंक ना तो." मग मात्र त्याला रडू आवरेना. मीही रडलो. पुढचं सांगायचं राहून गेलं. आज ती दोघंही नाहीत, म्हणून लिहितो आहे.

पेडण्याला माझं छोटं गॅरेज आहे. गाडी ओढत नाही म्हणून कोणी आलं की मी आधी फिल्टरची पेटी उघडतो, मग सेन्सरचा कनेक्टर काढून बघतो. लोकांना वाटतं, फौजेतला मेकॅनिक, हात लावला की दोष सापडतो. मी त्यांना काही सांगत नाही.

इथे सांगतो. नाईक विठू गावस, डिचोली. गाडी दमते हे त्याने मला आठ दिवस आधी सांगितलं होतं.