दाराकडे तोंड केलेलं पान

आमचं आडनाव मी इथे लिहिणार नाही. लिहिलं तर थेट आमचं घरच सापडेल, इतकी त्या आडनावाची माणसं थोडी. कृष्णाकाठच्या एका गावावरून ते पडलं असं वडील सांगायचे. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते गाव आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नव्हतं, आणि त्या गावात आमच्या आडनावाचं एकही घर नव्हतं. लहानपणी मला हे फार चमत्कारिक वाटायचं. अण्णांनी एकदा समजावलं की गावात राहणाऱ्याला गावाचं नाव कशाला लागेल, गाव सोडलं की लागतं. परमुलखातली माणसं त्या नावाने हाक मारायला लागतात. म्हणजे आमचं आडनाव मुळातच निघून गेलेल्यांचं. आम्ही फौजेमागून कापड घेऊन कधीतरी दक्षिणेत उतरलो, बेंगळूरच्या पेटेत, म्हणजे जुन्या बाजारपेठेत, दुकान थाटलं आणि इथेच मुरलो. आमच्या मराठीत भरपूर कन्नड शिरलं आहे. पुण्याची माणसं ऐकून हसतात. हसोत.

नव्वदच्या दशकात भारतात या आडनावाचे आम्ही तिघंच उरलो होतो. बसवनगुडीतल्या घरात अण्णा, आई आणि त्यांची एकुलती एक मुलगी म्हणजे मी. अण्णा ऑफिसातून निवृत्त झाले होते. मी इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करायचे आणि देवाधर्माच्या गोष्टींना नाक मुरडायचे. त्या वयात ते फार शहाणपणाचं वाटतं.

घरात एक रीत होती. सर्वपित्री अमावास्येला मधल्या खोलीत एक जास्तीचं केळीचं पान मांडायचं, दाराकडे तोंड करून. पाट रिकामाच. सगळं वाढून झालं की अण्णा दाराकडे बघून म्हणायचे, ‘आलात? बसा. सावकाश जेवा.’ मग आम्ही स्वयंपाकघरात जाऊन गप्प बसायचो, आणि थोड्या वेळाने ते पान उचलून गाईला घालायचो. ते पान होतं माझ्या पणजोबांच्या धाकट्या काकांचं. ते शिंपीकाम शिकले होते. प्लेगच्या आधी कँटोन्मेंटमधल्या एका गोऱ्या अधिकाऱ्याच्या कुटुंबाबरोबर विलायतेला निघाले, आणि पाठोपाठ बोट बुडाल्याची खबर आली. प्रेत नाही, तिथी नाही, म्हणून अमावास्या.

त्या दिवशी अण्णांना भूक नसायची. दिवसभर पोट भरल्यासारखं वाटतं म्हणायचे. आई चिडवायची, ‘पितरांच्या आधी चोरून खाता की काय स्वयंपाकघरात?’ ते हसायचे, पण खरोखर दोन घास खाऊन उठायचे.

मग अण्णांच्या हृदयाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, ते अण्णांनी अमावास्येनंतर करू म्हणून पुढे ढकललं. मरणाला ते फारसे भ्यायले नव्हते. त्यांची भीती वेगळीच होती.

‘माझ्यामागे मला पान कोण मांडणार ग?’ एका संध्याकाळी व्हरांड्यात त्यांनी विचारलं.

‘मी आहे की.’

‘तू उद्या लग्न करून परक्या घरची होशील. तुझ्या हातचं मला पोचायचं नाही. आपल्या आडनावाचं माणूस लागतं.’

‘म्हणजे उपाशी राहाल, पण माझ्या हातचं खाणार नाही?’

‘मी खाईन ग. पोचायला तर पाहिजे.’

मला संताप आला. अजूनही येतो. पण त्यांचा चेहरा खरंच घाबरलेला होता, लहान मुलाला अंधाऱ्या खोलीत जायला सांगितल्यावर होतो तसा.

रागाच्या भरातच मी एक उद्योग केला. आमच्या कंपनीतला एकजण कामासाठी विलायतेला निघाला होता. त्याला म्हटलं, तिथल्या टेलिफोन डिरेक्टरीत आमचं आडनाव सापडतंय का बघ. सापडणार नाही याची मला खात्री होती. एकदा नाही म्हणून कळलं की अण्णाही माझ्या हाताला राजी होतील, असा माझा हिशेब. आठवड्याभराने त्याचा फोन आला. लंडनमध्ये कुणीच नाही, पण उत्तरेकडे कापडगिरण्यांचं एक गाव आहे, तिथे दोनतीन लगतच्या गल्ल्यांत या आडनावाची बरीच घरं आहेत. लीस्टरमध्ये एखाददुसरं आणि पार वर स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर एक. ‘पण पुढची नावं सगळी इंग्रजी आहेत,’ तो म्हणाला, ‘तुमच्यातले कुणी साहेब झाले वाटतं.’ मला हसू आलं नाही. गिरणीच्या गावातला एक नंबर मी उतरवून घेतला.

आमच्या फोनवरून परदेशी फोन लागायचा नाही. गांधी बझारमधल्या एसटीडी बूथमध्ये जाऊन तो नंबर लावला. एका पुरुषाने उचलला. माझं वाक्य संपलं की क्षणभराने माझाच आवाज मला परत ऐकू यायचा, तेव्हा लांबच्या फोनवर असं व्हायचं. मी आडनाव सांगितलं, बेंगळूर सांगितलं, पेटेतल्या घराण्यातली आहे असं सांगितलं. मग तो इंग्रजीत, अगदी हळू म्हणाला, ‘त्या घरातलं कुणीही उरलेलं नाही.’ आणि त्याने फोन ठेवला.

बाहेर फुलवाल्या बायका मोगरा विकत होत्या, मसालेदोशाचा वास येत होता. तरी माझ्या अंगावर काटा आला. आपण नाही आहोत असं कुणी इतक्या खात्रीने मला कधी सांगितलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मी परत फोन लावला. या वेळी पहिल्याच घंटेला त्याने उचलला, जणू फोनपाशीच बसून होता. त्याने एकच प्रश्न विचारला.

‘ती अमावास्या यंदा कधी आहे?’

मी अमावास्येचा शब्दही काढला नव्हता. तारीख सांगितली. तो म्हणाला, ‘मी येतो.’

अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बोट बुडाली नव्हती. काका तिकडे पोचले होते, त्यांचा वंश होता, आणि आडनाव घेऊन तो आमच्या दाराशी येणार होता. अण्णांनी स्वतः बाजारातून पानं आणली. आई म्हणाली, ‘स्वल्प दमानं घ्या, अजून ऑपरेशन व्हायचंय.’

अमावास्येला सकाळी रिक्षा थांबली. दार अण्णांनी उघडलं. समोर साठीचा उंच माणूस, गोरा, घाऱ्या डोळ्यांचा, पण कान हुबेहूब अण्णांचे. त्याने आधी चेहरा पाहिला नाही, खाली मान घालून आमच्या पायांकडे पाहिलं. अण्णांच्या, मग आईच्या, मग माझ्या. मग वर बघून जड जिभेने, शब्द सुटे सुटे करत मराठीत म्हणाला, ‘आलात? बसा. सावकाश जेवा.’

मला हसूच फुटलं. पाहुणा दारात उभा आणि वर आम्हालाच बसा म्हणतोय. आई हसली नाही. तो पाय का बघत होता ते तिला लगेच उमगलं होतं. भुताचे पाय उलटे असतात. त्याला मराठीतलं तेवढं एकच वाक्य येत होतं, आणि ते आजवर त्याने फक्त मेलेल्यांशी बोललेलं होतं. अण्णांनी हात पुढे केला तो त्याने दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. वैद्य नाडी बघतो तसं त्याचं बोट अण्णांच्या मनगटावर होतं.

जेवायची वेळ झाली. पुढे पाहुणा, अण्णा आणि मी इंग्रजीतच बोललो, आईला मी मराठीत सांगत होते. मधल्या खोलीत दाराकडे तोंड केलेलं पान वाढून तयार होतं. अण्णांनी त्याला त्या पाटाकडे नेलं. म्हणाले, ‘शंभर वर्षं या पानावर कुणी बसलं नाही. तुमच्या आजोबांची जागा आहे, आज तुम्ही बसा.’

तो भिंतीला टेकेपर्यंत मागे सरकला.

‘हे पान आमच्याकडेही मांडतात,’ तो म्हणाला. ‘तुमच्यासाठी.’

मग त्याने सांगितलं. त्याचे आजोबा तिकडे पोचले तेव्हा इथे प्लेग लागला होता. पेटेतल्या घरांची कौलं सरकारने उतरवली, आमची माणसं गावाबाहेरच्या झोपड्यांत गेली आणि पुढे नव्याने वसलेल्या बसवनगुडीत आली. आजोबांची पत्रं रिकाम्या घरावर जाऊन परत गेली. शेवटी कुणीतरी कळवलं की घरातलं एकही माणूस वाचलं नाही. त्यांनी तिकडच्याच बाईशी लग्न केलं होतं. दरवर्षी याच अमावास्येला, इंग्रजी कॅलेंडरातल्या चंद्रावरून अदमासाने, ते पुढच्या खोलीत पांढरी चिनी मातीची प्लेट वाढून दाराकडे तोंड करून ठेवायचे, तिलाही ‘पान’च म्हणायचे, आणि गेलेल्यांना नावानिशी हाक मारायचे. आजोबांमागे मुलाने, मग या नातवाने ते चालवलं.

अण्णांनी विचारलं, ‘कुणाकुणाला हाक मारता?’

तो डोळे मिटून एकेक नाव घेऊ लागला. उच्चार मोडके होते, पण क्रम पक्का. माझे खापरपणजोबा, खापरपणजी, त्यांच्या मुली. शेवटी आलं एका सहा वर्षांच्या मुलाचं नाव. अण्णा खाली बसले. तो मुलगा म्हणजे माझे पणजोबा. अण्णा त्यांच्या मांडीवर खेळले होते. म्हातारे होऊन, भरल्या घरात, ते अंथरुणावर वारले होते. पाहुण्याच्या घराच्या लेखी मात्र ते सहाव्या वर्षी मेले होते. म्हणजे माझे आजोबा झाले नाहीत, अण्णा झाले नाहीत, मी झाले नाही. मी माझ्या हाताकडे पाहिलं. वाढायचा डाव माझ्याच हातात होता, पण तो कुणीतरी दुसऱ्याने धरला आहे असं मला वाटत होतं.

‘म्हणूनच,’ अण्णा हळूच म्हणाले, ‘म्हणूनच मला या दिवशी भूक नसते.’

पानावरच्या भाताची वाफ दाराकडे जात होती. बाहेर दुपारचं लख्ख ऊन होतं आणि तरी मला त्या दाराकडे पाठ करून उभं राहवेना.

पाहुणा सावरला. म्हणाला, ‘चूक झाली आमची. जिवंत माणसांना असं वाढू नये. मी याच्यासाठीच आलो, डोळ्यांनी बघायला. घरी गेलो की ते पान बंद करतो.’

‘नका बंद करू,’ अण्णा म्हणाले.

‘पण तुम्ही आहात.’

‘आज आहे.’ अण्णांनी ऑपरेशनचं सांगितलं. माझ्यामागे आपल्या आडनावाचं कुणी नाही हे सांगितलं. ‘तुमच्याकडचं पान शंभर वर्षं आम्हाला पोचतंय. तुम्ही नुसतं माझं नाव त्यात घाला. मी तिथे येईन.’

एका जिवंत माणसाने असं मागणं मागावं, तेही समोर बसून, वाढलेल्या पानाशेजारी. मला ते असह्य झालं. पाहुणा म्हणाला, गल्लीतल्या भाऊबंदांना या सगळ्याचं काही नाही, त्याच्या मुलांनाही नाही, एक दक्षिणेकडे गेला, एक त्या स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर दुकान चालवतो. त्याच्यामागे त्यालाही कुणी वाढणार नाही. मग त्याने विचारलं, ‘आणि इथलं हे पान?’

अण्णांनी माझ्याकडे बोट केलं. ‘ही मांडेल.’

स्वतःच्या बापाला माझ्या हातचं पोचत नव्हतं, सातासमुद्रापलीकडच्या परक्याला मात्र ते चाललं असतं. मी तडक मागच्या अंगणात गेले आणि रडले. पण परत येऊन हो म्हटलं. अण्णांचा चेहरा इतका मोकळा मी किती दिवसांत पाहिला नव्हता. त्या अमावास्येला ते पोटभर जेवले, ताक मागून घेतलं.

ऑपरेशनच्या टेबलावरून अण्णा परत आले नाहीत.

पुढच्या वर्षी सर्वपित्रीला मी ऑफिसला सुटी घेतली. आईने सगळा स्वयंपाक केला. मी त्या पाहुण्याच्या आजोबांचं पान मांडलं, दाराकडे बघून ते वाक्य म्हटलं, पान गाईला घातलं. आई मात्र जेवायला बसेना. सकाळपासून तिच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. ‘तिकडचं होऊ दे,’ एवढंच म्हणाली. तिकडे दुपार व्हायला आपल्याकडे संध्याकाळ होते. मी तिच्यावर चिडले, शुगर उतरेल म्हटलं. ती भिंतीला टेकून बसून राहिली.

अंधारू लागलं तशी मी चपला घालून बूथवर गेले. आईही पाठोपाठ आली आणि काचेबाहेर उभी राहिली. फोन लागला. तब्येत, हवा, काहीतरी विचारायचं म्हणून मी तोंड उघडलं. पण माझ्या तोंडून निघालं ते हेच.

‘अण्णा जेवले का?’

माझा आवाज क्षणभराने मलाच परत ऐकू आला, जेवले का. मी मराठीत विचारलं होतं. त्याला मराठी येत नव्हतं, तरी अर्थ विचारायला तो थांबला नाही.

‘थांब, बघतो,’ तो इंग्रजीत म्हणाला. रिसीव्हर खाली ठेवल्याचा आवाज आला. लाकडी जमिनीवरून पावलं लांब गेली. एक दार उघडलं. मग बराच वेळ काहीच नाही. दार बंद झालं. पावलं परत आली.

‘हो,’ तो म्हणाला. ‘झालं त्यांचं.’

मी बाहेर येऊन आईला सांगितलं. तिने पदराने तोंड पुसलं.

‘सरी, बरं झालं,’ ती म्हणाली. ‘चल, आता आपल्याला वाढ.’