आत्याने प्रार्थना सोडली

आमच्या आत्याला चर्चच्या मंडळीत 'उलटी आकाशवाणी' म्हणतात. खरी आकाशवाणी वरून खाली येते, आत्याची खालून वर जाते, एवढाच काय तो फरक. हे नाव ठेवलं माझ्या बाबांनी, म्हणजे तिच्या सख्ख्या थोरल्या भावाने. आत्याने ते कधी मनाला लावून घेतलं नाही. एकदा कुणीतरी तोंडावर म्हटलं, तेव्हा म्हणाली, "वर पोचते ना? मग झालं तर!"

रविवारच्या उपासनेत मंडळीतलं कुणीतरी पुढे येऊन सगळ्यांसाठी प्रार्थना करतं. नियमाने ही पाळी फिरती आहे. पण पुढे जायचं म्हटलं की बाकीच्यांचा घसा बसायचा, आणि आत्याचा घसा आजवर कधी बसल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. त्यामुळे ती पाळी हळूहळू तिच्याच नावावर झाली. ती माईकपाशी जायची, चष्मा काढून पर्समध्ये ठेवायची, डोळे घट्ट मिटायची आणि देवाला आठवड्याच्या बातम्या द्यायला सुरुवात करायची.

बातम्यांची तिला टंचाई नव्हती. आत्या एका लाँड्रीत इस्त्री करते. आसपासच्या सगळ्या गल्ल्यांचे कपडे तिच्या हाताखालून जातात. कुणाची पँट कमरेत सैल करून आलीय, कुणी कपाटात पडलेला कोट अचानक इस्त्रीला टाकलाय म्हणजे नोकरीची मुलाखत असणार, कुणाच्या घरून नवऱ्याचे शर्ट यायचे बंद झालेत, हे तिला कुणी न सांगता कळतं. यातलं ती बाहेर बोलत नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगेन. ती फक्त देवाला सांगते.

"हे दयाळू पित्या, आमच्या गॅरेजवाल्या भावाच्या बायकोच्या डाव्या पायाची सूज आता उजव्या पायावर चढली आहे. डॉक्टरांनी बदलून दिलेली गोळी तिला मानवत नाही, तर तू लक्ष घाल. हे प्रभू, जे तरुण भाऊ उशिरा येऊन मागच्या बाकावर मोबाइल बघत बसतात त्यांना क्षमा कर, विशेषतः निळ्या शर्टाला." निळा शर्ट बिचारा बाकाखाली जायच्या बेताला यायचा. ज्यांच्या घरी जेवायला पाहुणे यायचे असत ती माणसं एक डोळा उघडून घड्याळाकडे बघायची. ऑर्गन वाजवणाऱ्या मास्तरांचा तर एकदा बसल्या जागी डोळा लागला आणि त्यांचं कपाळ ऑर्गनच्या पट्ट्यांवर आपटून मोठा आवाज झाला. आत्याने तो देवाचा होकार समजून पुढचा विषय घेतला.

माझी आई हिच्या अगदी उलटी. ती घरी बसून शिंप्यांकडची काजं-बटणं करून देते. तोंडात टाचण्या धरलेल्या असतात म्हणून ती बोलत नाही, असं बाबांचं म्हणणं. पण टाचण्या काढल्या तरी ती फारसं बोलत नाही. आत्या खालच्या मजल्यावरच्या खोलीत एकटी राहते आणि लाँड्रीतून आली की हातपाय धुऊन थेट आमच्या स्वयंपाकघरात वर येते. नणंद-भावजयीचं इतकं सख्य बघून लोकांना नवल वाटायचं. मला त्यात नवल वाटलं नाही. एकीला ऐकणारं माणूस हवं होतं आणि दुसरीला बोलायला न लावणारं.

तर अशाच एका संध्याकाळी आईने भाजी चिरता चिरता आत्याला सांगितलं की छातीत गाठ लागतेय. तपासणीला तुकडा दिलाय, निकाल पुढच्या आठवड्यात. "तोवर कुणाला बोलू नकोस. ह्यांनाही नाही, पोरीलाही नाही." आत्या म्हणाली, "जीव गेला तरी माणसाला सांगणार नाही." सगळ्या जगात गुपित ठेवायला आईला हीच बाई मिळाली, याचं मला अजूनही हसू येतं आणि रडूही येतं.

रविवारी आत्याने चष्मा पर्समध्ये ठेवला. गॅरेजवालीचे पाय झाले, चर्चच्या पाळकसाहेबांचा खोकला झाला. मग तिचा आवाज एकदम खाली आला. "आणि हे सर्वसमर्थ देवा, माझ्या वहिनीच्या छातीत जी गाठ आली आहे, ती तिने एकटीने पोटात ठेवली आहे. अजून तिने नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही."

बाबा गायकांच्या रांगेत उभे होते. त्यांच्या हातातलं गीतांचं पुस्तक खाली पडलं. मी आईकडे बघितलं. ती डोळे मिटून, हात जोडून तशीच बसली होती, फक्त तिची मान कानापर्यंत लाल झाली होती. बाकी सगळ्यांचे डोळे उघडे. त्या दिवशी आत्या बोलत असताना कुणीही घड्याळ बघितलं नाही.

घरच्या जिन्यात बाबा काही बोलायच्या आतच आत्या घाईघाईने म्हणाली, "वहिनी, मी माणसाला एक अक्षर बोलले नाही गं. देवाला सांगितलं."

"माईकवर?" आई म्हणाली.

एवढं विचारून ती वर गेली, आणि अबोला सुरू झाला. मला आत्याचा इतका राग आला होता की मी दार आपटलं. आईच्या आजाराची बातमी मला निळ्या शर्टाबरोबर मिळाली होती. निकाल यायच्या आतच घरी माणसांची रीघ लागली. जो येईल तो संत्री आणायचा आणि तोंड असं करायचा की जणू काही आई आधीच गेलीय आणि चहा तिचं भूतच देतंय. एकदा सगळे गेल्यावर आई संत्र्यांच्या ढिगाकडे बघत म्हणाली, "मला तो एक आठवडा हवा होता. गाठवाली बाई व्हायच्या आधीचा. तेवढाही मिळाला नाही."

निकाल वाईट आला. शस्त्रक्रिया करायची ठरली, आणि तारीख मिळता मिळता ईस्टरच्या आधीचा आठवडा उजाडणार होता.

दरम्यान लेंटचे, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपवासाचे, दिवस आले. प्रभूने दुःख सोसलं त्याची आठवण म्हणून या दिवसांत प्रत्येकाने काहीतरी सोडायचं. आमचे लोक सोडण्यात मोठे हुशार. बाबा दरवर्षी सिगारेट सोडतात आणि त्याचं दुःख घरातले बाकीचे सोसतात. ऑर्गनवाले मास्तर मटण सोडतात आणि मासे दुप्पट खातात. त्या वर्षी पाळकसाहेब वैतागून म्हणाले, "नावाला सोडू नका. जे गेलं तर जीव कळवळेल, ते सोडा." तशी आत्या बाकावरून उठली.

"मी मोठ्याने प्रार्थना करणं सोडते. ईस्टरपर्यंत."

पाळकसाहेब गोंधळले. "बाई, लेंटमध्ये प्रार्थना वाढवतात. सोडायची ती आपल्या आवडीची गोष्ट."

"तीच तर सोडतेय," आत्या म्हणाली आणि खाली बसली. तिने आईकडे बघितलं. आईने तिच्याकडे बघितलं नाही.

पहिला रविवार म्हणजे सणच होता. उपासना वेळेत संपली. लोक एकमेकांना हसून हात मिळवत होते, निळा शर्ट ताठ मानेने पहिल्या बाकावर बसला होता. आत्याचं मात्र काही खरं नव्हतं. मनातल्या मनात प्रार्थना करायची म्हणजे तिच्यासाठी तोंड बंद ठेवून जेवण्यासारखं होतं. ओठ हलायला लागले की ती ते दातांखाली दाबायची. लाँड्रीत एका वेटरच्या पांढऱ्या शर्टावर तिने इस्त्री तशीच राहू दिली. मालक ओरडला तेव्हा म्हणाली, "मनात म्हणताना हात थांबतो हो. तोंडाने म्हणताना चालू राहायचा."

पण पुढच्या रविवारांना मजा ओसरली. आता पाळकसाहेबच प्रार्थना करायचे, "जगातील सर्व आजारी, सर्व दुःखी, सर्व पीडित जनांसाठी." सुरेख, नेमकी आणि आटोपशीर प्रार्थना. फक्त त्यात आपण कुठे आहोत ते कुणालाच सापडत नव्हतं. कोण आजारी आहे, कुणाची नोकरी गेली, हे कुणाला कळेना, आणि कळत नाही म्हणून कुणी कुणाकडे डबा घेऊन जाईना.

शेवटी एका दुपारी गॅरेजवाला आमच्या दारात येऊन उभा राहिला. हात काळे, म्हणून आत येईना. आई काज करत होती.

"वहिनी, तिला जरा सांगा ना. तुमच्यामुळे गप्प बसलीय म्हणतात."

"ईस्टरपर्यंत गप्प आहे. मग सुरू होईल."

"तोवर माझ्या बायकोने काय करायचं? पाळकसाहेब म्हणतात 'सर्व आजारी'. त्या सर्वांत देवाला ही कुठे सापडणार? तुमची नणंद कसं, डावा पाय, उजवा पाय, गोळीचं नाव, सगळं सांगायची. हिला वाटायचं, चला, आपल्यावर कुणाचं तरी लक्ष आहे."

आईने दाताने दोरा तोडला आणि पुढचं काज घेतलं. तो गेल्यावर मात्र मला म्हणाली, "खाली जाऊन बघ, ती जेवली का." अबोल्यात आत्याची चौकशी पहिल्यांदाच आली होती.

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी आम्ही वॉर्डात पोचलो तर आत्या आधीच बाहेरच्या बाकड्याच्या टोकाला येऊन बसली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं. आईला हिरवा झगा घातला, बांगड्या काढल्या, ट्रॉलीवर निजवलं. बाबा तिच्या पायावरची चादर सारखी नीट करत होते, नीट असतानाही. मला भीती वाटत होती. इतकी, की मी भिंतीवरचा 'शांतता राखा' हा फलक पुन्हा पुन्हा वाचत होते. ट्रॉलीवाला निघणार तेवढ्यात आई मला म्हणाली, "तिला बोलव."

आत्या आली. ओठ दाबलेलेच.

"प्रार्थना कर," आई म्हणाली.

"मनात चालूच आहे वहिनी."

"मला ऐकू येत नाही ती."

"मी देवाला शब्द दिलाय गं, ईस्टरपर्यंत तोंड..."

"शब्द मलाही दिला होतास," आई म्हणाली. "तो मोडलास. आता हाही मोड."

आत्याने चष्मा काढला, पण पर्स बाकड्यावर राहिली होती, म्हणून तो तिने माझ्या हातात दिला. घसा खाकरला आणि अगदी पाळकसाहेबांसारखी जपून सुरुवात केली. "हे प्रभू, जे सर्व आजारी आहेत..."

"सर्व नको," आईने तिला अडवलं. "मी. नीट सांग त्याला."

मग आत्या सुटली. "हे प्रभू, ही माझी वहिनी. तिला भुलीची भीती वाटते, बाळंतपणातसुद्धा तिने ती देऊ दिली नव्हती. तिचा एक खोटा दात काढून डबीत ठेवलाय म्हणून ती तुझ्याकडे बघून हसत नाही, तो गर्व समजू नकोस. डॉक्टरांचा हात स्थिर ठेव, त्यांच्या घरी आज सकाळी भांडण झालं असेल तर ते त्यांना संध्याकाळपर्यंत विसरायला लाव. मी हिचं गुपित फोडलं, माईकवर. त्याची क्षमा तुझ्याकडे मागत नाही, ती हिची हिने बघावी. आणि प्रभू, तूसुद्धा क्रुसावर जायच्या आदल्या रात्री त्या बागेत गुडघे टेकून म्हणाला होतास, हा प्याला माझ्यापुढून जाऊ दे. तुझा गेला नाही. म्हणून तुलाच सांगते. वरच्या बाकीच्यांना काय कळणार? तुला यातलं कळतं."

ट्रॉलीवाला घड्याळ बघून निघाला. आत्या ट्रॉलीचा दांडा धरून बोलत बोलत बरोबर चालू लागली. लिफ्टमध्येही बोलत होती, लिफ्टमधली अनोळखी माणसं टोप्या काढून उभी राहिली. आई डोळे मिटून ऐकत होती, आणि दात नसतानाही मधेच हसली. शेवटच्या दारापाशी नर्सने हात आडवा धरला. दार बंद झालं.

बाबांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "आमेन."

"तू नको म्हणूस दादा!" आत्या जवळजवळ ओरडलीच. "माझं संपलेलं नाही."

"अगं, ती आत गेली."

"म्हणूनच. आमेन म्हटलं की देव दुसऱ्याच्या कामाला लागतो. ती बाहेर येईस्तोवर मी त्याला इथून हलू देणार नाही."

आणि खरंच नाही हलू दिलं. बाबांनी चहा आणला, तो तिच्यासमोर थंड झाला. प्रार्थना चालू असताना चहा कसा घ्यायचा? नर्सने गप्प बसायला सांगितलं तेव्हा ती पुटपुटायला लागली. आईचं झालं, डॉक्टरांचं झालं, भूल देणाऱ्या बाईंचं झालं. मग इतके दिवस साठलेलं सगळं बाहेर पडलं, गॅरेजवालीचे दोन्ही पाय, जळालेला शर्ट, बाबांच्या सिगारेटी, मी. माझ्याविषयी ती देवाला काय सांगत होती ते मी इथे लिहिणार नाही. पण मी सरकून तिच्या शेजारी जाऊन बसले.

डॉक्टर बाहेर आले. गाठ पूर्ण काढलीय, पुढचे उपचार लागतील, आज याहून जास्त काही सांगता येणार नाही, असं म्हणाले. पाठोपाठ ट्रॉली आली. आईचा चेहरा फिका, ओठ सुकलेले. आत्या वाकली. आता तिला फक्त एक शब्द म्हणायचा होता. तिने तोंड उघडलं आणि तिच्या घशातून हुंदक्याशिवाय काही येईना. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच.

आईने डोळे न उघडताच म्हटलं, "आमेन. आता गप्प बस आणि माझा हात धर."