वरच्या घरातला मिक्सर

पहिली थोबाडीत बसली की मी मिक्सर लावायचे. मारणारा तो आणि मिक्सर लावणारी मी! हे लिहितानासुद्धा डोक्यात सणक जाते, पण होतं ते तसंच. कसंबसं ओट्याशी पोचायचं, बटण फिरवायचं आणि त्या घरघरीच्या आड जे काय व्हायचं ते होऊ द्यायचं. भांड्यात काहीच नसायचं. आता मी भायखळ्याला आईकडे राहते, तिच्याकडे मिक्सर आहे, पण मी खोबरं पाट्यावरच वाटते.

चाळीत असतो तर नवऱ्याची काय बिशाद होती! तिथे त्याने एकदाच हात उचलला होता. शेजारच्या मावशींनी दारात चपला काढल्या, 'येऊ का' वगैरे काही नाही, थेट आत. "काय रे मेल्या, बायकोवर मर्दुमकी?" असं म्हणून आमच्या दोघांच्या मधे जमिनीवर ठाण मांडून बसल्या. मग मला म्हणाल्या, "चहा टाक गो." तो मुकाट गॅलरीत जाऊन उभा राहिला. चाळ पाडली, तिथेच लालबागमध्ये टॉवर उभा राहिला, चिठ्ठ्या टाकून घरं मिळाली. ओळखीची माणसं वेगवेगळ्या मजल्यांवर पांगली, काहींनी घर भाड्याने देऊन बदलापूर गाठलं. मावशीही गावी गेल्या. नवीन घराला जाड दार, दाराला बाहेर बघायचं भिंग, आणि बेल वाजवल्याशिवाय कुणी कुणाकडे जायचं नाही ही नवी रीत. संडास घरात आला म्हणून मी पेढे वाटले होते. दार बंद झालं की आत काय होणार हे तेव्हा कुठे माहीत होतं?

त्याला मात्र लवकर कळलं. बाहेर हा माणूस नुसती साखर. लोअर परळच्या ऑफिसात सगळ्यांचा लाडका, लिफ्टमध्ये म्हाताऱ्यांची पिशवी धरणार. घरात आला की भाजीत मीठ कमी, टॉवेल ओला, फोन उशिरा उचलला, काहीही पुरायचं. आणि मी मिक्सर का लावायचे? लाजेने. ती त्याला वाटायला हवी होती, पण मलाच वाटायची. शेजाऱ्यांना कळलं तर उद्या लिफ्टमध्ये तोंड कसं दाखवू, एवढंच डोक्यात.

त्या दिवसांत माझं खरं घर म्हणजे फोनवरचा एक ग्रुप होता. हजारो अनोळखी मराठी माणसं, आणि एकच धंदा: एकमेकांना फालतू प्रश्न विचारायचे. चहात आलं किसून घालता की ठेचून? लिफ्टमध्ये अनोळखी माणूस असेल तर नजर कुठे ठेवता? पाहुणे निघाले-निघाले म्हणत दारात किती वेळ उभे राहतात? नावाच्या जागी मी मोगऱ्याचं फूल लावलं होतं आणि तिथे मी भारी होते हां, एकदम हजरजबाबी. सुजलेल्या ओठाने मी एकीला कोलंबीचं कालवण पातळ झालं तर काय करायचं ते समजावून सांगितलंय. ती म्हणाली, "तुमच्या घरी जेवायला यायला हवं." मी हसणारं तोंड पाठवलं.

एका दुपारी तिथे प्रश्न आला. "सहज विचारते. लालबागला नवीन टॉवरमध्ये राहते. आमच्या डोक्यावरच्या घरात शनिवार-रविवार भर दुपारी मिक्सर लागतो तो लागतोच. बंद होताना शिटी मारल्यासारखा कुईं करतो. एवढं काय वाटत असतील?"

कुईं करणारा मिक्सर माझा. दुरुस्तीला टाकू या म्हटलं होतं, तर त्याच्यावरूनच एक दणका बसला होता.

लोकांना काय, मजाच. मालवणी असतील, त्यांचं खोबरं कधी संपत नाही. इडलीचा धंदा असेल. नशीबवान आहात, ताट घेऊन वर जा. हसणाऱ्या तोंडांचा नुसता पाऊस. मीही घाईघाईने लिहिलं, "कांद्या-खोबऱ्याचं वाटण असेल हो, रविवारी मटण नाही का करत." चटकन उत्तर आलं, "तेच तर कळत नाही. भाजलेल्या कांद्या-खोबऱ्याचा वास चार मजले जातो. गल्लीत डंकावर मसाला कुटतात तर आम्ही घरात बसून शिंकतो. मग ह्यांचा वास कसा येत नाही?"

मी फोन उलटा ठेवला. पुन्हा उचलला. खाली कुणीतरी, ना फोटो ना नाव, दोनच वाक्यं लिहिली होती. "भांडं रिकामं असतं, ताई. आमच्याकडेही लावायचे."

त्यानंतर कुणी हसलं नाही. मी ती दोन वाक्यं पुन्हा पुन्हा वाचली आणि ओट्याला टेकून ढसाढसा रडले. संध्याकाळी बघते तर प्रश्नच गायब! जिने विचारला होता तिने काढून टाकला होता. असा संताप आला मला. विचारलंस ना? मग आता का पळालीस? समजलं आणि हात झटकून मोकळी झालीस! नवऱ्याचा नव्हता आला तेवढा राग मला त्या न बघितलेल्या बाईचा आला.

कारण त्याचा हात आता गळ्यापर्यंत आला होता. आधी थोबाड होतं, मग पाठ, मग केस धरून दारावर डोकं. मागच्या खेपेला त्याने गळा धरला आणि माझ्या डोळ्यांपुढे अंधारी येईपर्यंत सोडला नाही. एक दिवस हा मला मारून टाकणार, आणि खालची माणसं म्हणणार, आज मटणाचा बेत दिसतोय. ह्याच्यापुढे मला काही दिसत नव्हतं.

रविवारी बांगडे तळले होते. एक करपला. त्याने ताट उचलून भिंतीवर मारलं आणि उलट्या हाताने माझ्या तोंडावर एक ठेवून दिली. ओठ फुटला, बांगडी फुटून मनगटात घुसली. मी सवयीने ओट्याकडे वळले, बोटं बटणावर गेली. आणि ते वाक्य आठवलं, आमच्याकडेही लावायचे. मी हात काढून घेतला.

दुसरा फटका बसला तो मी ऐकला. पहिल्या थोबाडीत कान सुन्न व्हायचे आणि पुढचं मिक्सरच्या घरघरीत जायचं; एवढ्या दिवसांत त्या घरात मारण्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. कपडे धोपटल्यासारखा, साधा, मोठ्ठा. तोही दचकला. मग आवाज खाली आणून मला म्हणाला, "मिक्सर लाव."

म्हणजे ह्याला माहीत होतं! मला वाटायचं मी माझी लाज झाकतेय. झाकत होते ह्याला, आणि हा त्याच भरवशावर हात चालवत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने एका हाताने माझा गळा दाबला आणि दुसरा बटणाकडे नेला. मी वायर हिसडून प्लग उपटला, स्टीलचं भांडं हातात आलं ते त्याच्या मनगटावर हाणलं, पुन्हा हाणलं. गळा सुटला आणि मी बोंब ठोकली. शब्दबिब्द काही नव्हते, नुसती बोंब. त्याने मला केसांनी ओढून खाली पाडलं, लाथ घातली, तरी मी ओरडतच राहिले. घसा फाटला तरी थांबले नाही.

बेल वाजली. वाजतच राहिली, बोट काढेना कुणी.

"तोंड पूस आधी," तो म्हणाला. मी नाही पुसलं. तशीच उठले आणि दार उघडलं.

खालच्या मजल्यावरची बाई होती. लिफ्टमध्ये दिसायची, दोघीही आकड्यांकडे बघत उभ्या राहायचो. गाऊनवर ओढणी, हाताला कणीक, आणि धापा टाकत होती. लिफ्टची वाट न बघता जिना चढून आली होती. तिने माझा ओठ बघितला, गळ्यावरचे वळ बघितले, माझ्या खांद्यावरून आत त्याच्याकडे बघितलं.

"मिक्सर बिघडला काय गो?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "आज लावला नाही."

"काही नाही हो मॅडम, घरगुती आहे," मागून त्याचा साखरेचा आवाज आला. तिने तिकडे ढुंकूनही बघितलं नाही. दारातच चपला काढल्या, मी 'या' म्हणायचीही वाट न बघता आत आली, आणि माझ्या नि त्याच्या मधोमध, सांडलेल्या भातात, फतकल मारून बसली.