बावीस दिवसांची नाडी

आमचे मामा मोतद्दार. तीस वर्षं त्यांनी एकाच मालकिणीचे शर्यतीचे घोडे सांभाळले. मालकीण कवयित्री, बापजाद्यांचा पैसा गडगंज, आणि नाद दोनच, कविता आणि घोडे. नऊच्या आत त्या कधी उठल्या नाहीत. मामा म्हणायचे, बाईंनी सूर्योदयावर कविता केली ती मला विचारून.

पण एक शिस्त त्यांनी लावली होती. सकाळी सहाला, दाणा घालण्याआधी, प्रत्येक घोड्याच्या जबड्याखाली बोटं ठेवून मिनिटभर नाडी मोजायची आणि लिहून ठेवायची. कागद बाईंच्या फसलेल्या कवितांचे, पाठकोरे. संध्याकाळी तो कागद बाईंच्या हवाली करायचा. मामा इतके काटेकोर की मामी म्हणायची, माझा ताप कधी असा लिहून ठेवला नाहीत.

बाई गेल्या. तबेला, घोडे, शर्यतींतली सगळी कमाई मृत्युपत्राप्रमाणे हृदयावर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेला मिळाली. तिथल्या डॉक्टरबाई ते कागद बघून हरखल्याच. तीस वर्षांची रोजची नोंद कुठे मिळते? त्यांनी मामांना नाडी शिकवायच्या कामावर ठेवलं, तबेल्यामागची खोलीही राहू दिली.

मामांना मात्र अन्न गोड लागेना. मामी शेवटची दवाखान्यात होती, तेव्हा बावीस दिवस ते नऊनंतर यायचे आणि अंदाजपंचे आकडे ठोकून द्यायचे. आता हे सांगितलं तर सगळ्याच नोंदींवरचा विश्वास उडणार, कामही जाणार आणि खोलीही. मी म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. मामा कधी नव्हे ते माझ्यावर ओरडले, आणि दुसऱ्या दिवशी मला घेऊन गेलेच.

"बावीस दिवस मी खोटं लिहिलंय," त्यांनी सांगितलं.

डॉक्टरबाईंनी तारखा विचारून घेतल्या. मग बाद करायला म्हणून त्यांनी ते बावीस कागद काढले. आजवर त्यांनी आकड्यांचीच बाजू पाहिली होती. कवितेशी त्यांना काय करायचंय? या वेळी पहिला कागद उलटला. खोडलेल्या कवितेखाली बाईंचं तिरकं अक्षर होतं. सकाळचे सहा, एकेका घोड्याचं नाव, पुढे नाडी. बावीसच्या बावीस कागदांवर तसंच. पहिल्यावर खाली एक ओळ जास्तीची: "तबेल्यात सगळ्यांना ताकीद दिली आहे. त्याला कळू द्यायचं नाही, त्याच्या घरी आजारपण आहे."

मामा तिथल्या स्टुलावर बसून रडले. मामी गेली तेव्हाही इतके रडले नव्हते. मग नाक पुसून मला म्हणाले, "बावीस दिवस बाई सहाला उठल्या रे."