गेटवरच्या सात गाड्या

"चाचा, एक मिनिट थांबा ना, येऊन राह्यलं," मी म्हणाले. त्या सकाळी हे मी चौथ्यांदा म्हणत होते.

स्क्रीनवर चक्र नुसतं फिरत होतं. कापसाचा हंगाम होता आणि दिग्रसच्या एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, गेटबाहेर गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती. ट्रॅक्टरवाले हॉर्न वाजवत होते. गेटचे मुनीम रफीकचाचा कानावर पेन ठेवून माझ्याकडे बघत होते.

"बेटा, तुह्या मशीनपेक्षा बैल लवकर उठते," ते म्हणाले.

काम साधं होतं. गाडी आली की चाचा टोकन फाडतात आणि गाडीचा नंबर, शेतकऱ्याचं नाव टाकतात. मग स्क्रीनवर यादी दिसते: कोणती गाडी, कोणाचा कापूस, कोणतं गाव. त्या यादीप्रमाणे गाड्या काट्यावर, म्हणजे वजनाला, सोडायच्या. ती यादीच उघडायला एक मिनिट लागत होतं.

जिनिंगचे मालक शेठजी आत आले. आवाज चढवला नाही. "उद्या अकरा वाजता येतो. असंच असलं तर आपलं रजिस्टर बरं," एवढं बोलून गेले.

मी यवतमाळला कम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला होते आणि तिथल्याच एका छोट्या कंपनीत इंटर्न होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. इंटर्न म्हणजे काय हे बाबांना मी नीट सांगू शकले नव्हते. ते गावात सांगायचे, "पोरगी जिनिंगचं कम्प्युटर पाह्यते." गेटचा हा प्रोग्राम हे माझं एकटीचं पहिलं काम होतं. ते टिकलं तर मला नोकरीवर घेणार होते.

मी कंपनीतल्या माझ्या सिनियर वैशाली मॅडमना फोन लावला.

"मॅडम, सर्व्हर लहान पडतोय वाटतं. मोठा घ्यायचा का?"

"आधी क्वेरी मोज," त्या म्हणाल्या.

क्वेरी म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न. माझ्या डेटाबेसमध्ये तीन टेबलं, म्हणजे तक्ते, होती: गाड्या, शेतकरी आणि गावं. प्रश्न मी हाताने लिहिले नव्हते. त्यासाठी तयार लायब्ररी असते. तुम्ही 'या गाडीच्या शेतकऱ्याचं नाव' एवढंच लिहायचं, डेटाबेसकडे जाऊन नाव आणायचं काम ती करते. सोयीचं आहे. फक्त ती किती वेळा गेली, हे ती आपणहून सांगत नाही. मी लॉग, म्हणजे प्रत्येक क्वेरीची नोंद, चालू केला तेव्हा दिसलं. गाड्यांची यादी आणायला एक क्वेरी. मग प्रत्येक गाडीसाठी शेतकऱ्याची एक आणि गावाची एक. सर्व्हर दूरच्या शहरात, जिनिंगचं नेट हळू, आणि प्रत्येक क्वेरीला तिथवर जाऊन यायचं.

"किती?" मॅडमनी विचारलं.

"एकशे ऐंशी गाड्यांना तीनशे एकसष्ट."

"घरी किती नोंदींवर तपासलं होतंस?"

"दहा."

मला वाटलं, आता बोलणी बसणार. त्या म्हणाल्या, "माझ्याकडूनही पहिल्यांदा हेच झालं होतं. जॉइन वाच."

जॉइन म्हणजे तिन्ही टेबलं जोडून एकाच फेरीत सगळं मागवणं. मी संध्याकाळपर्यंत ते बसवलं. तीनशे एकसष्टची एक क्वेरी झाली.

दुसऱ्या दिवशी यादी डोळ्याची पापणी लवायच्या आत उघडली. चाचांनी तीनदा उघडून पाहिली. "आता बैल मागं राह्यला," म्हणाले. मला हसू आवरेना.

सव्वादहाला ते माझ्या खुर्चीजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "बेटा, सात गाड्या कमी हाय."

"कुठं?"

"तुह्या यादीत. टोकन म्या एकशे बारा फाडले. यादीत एकशे पाच हाय. सात जणं बाहेर उभे हाय, अन् मशीन म्हणते ते आलेच नाही."

अकराला शेठजी येणार होते.

"चाचा, त्या सात गाड्यांत काही सारखं आहे का?"

ते माहीतच असल्यासारखे म्हणाले, "भाड्याच्या हाय. डायव्हर गाडी घेऊन येते, कापसाचा मालक मागून एसटीनं येते. तो आल्यावर म्या नाव टाकतो. नेहमीचंच हाय ते."

त्यांच्यासाठी नेहमीचं होतं, पण मी ते कधी विचारलंच नव्हतं. माझ्या घरच्या दहाही नोंदी पूर्ण होत्या, प्रत्येक गाडीला शेतकरी होता. मी वापरलेला जॉइन दोन्हीकडे जोडी जुळली तरच ओळ दाखवतो. शेतकऱ्याचं नाव नाही म्हणून त्याने गाडीच वगळली. दुसरा एक जॉइन असतो, तो गाडी ठेवतो आणि नावाची जागा रिकामी सोडतो. बदल एका शब्दाचा होता. घाईत तोही दोनदा चुकला. दहा पन्नासला यादीत एकशे बारा ओळी आल्या. चाचांनी बोट ठेवून सगळ्या मोजल्या आणि मान हलवली.

शेठजी वेळेवर आले. "काय रफीकभाई, रजिस्टर काढू का?"

"कायले? चालू हाय ना. पोरीनं जमवलं."

ते गेल्यावर मी विचारलं, "चाचा, सात गाड्यांचं शेठजींना काहून नाही सांगितलं?"

"सांगून काय भेटलं असतं? शोधा तं तुलेच लागत होत्या."

मॅडमना मात्र मी सगळं सांगितलं. त्यांनी रिपोर्टमध्ये 'चूक सापडली: गेटवरच्या मुनीमजींकडून' असं लिहायला लावलं. परीक्षा संपल्यावर कंपनीने मला कायम केलं. त्या नोकरीत माझ्या अभ्यासाचा वाटा आहे, पण न रागावलेल्या मॅडमचा आणि शेठजींच्या आधी माझ्याकडे आलेल्या चाचांचा वाटा मोठा आहे. हे मला त्यांना समोर कधी नीट म्हणता आलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

आता एखादी क्वेरी फास्ट केली की मी वेळ नंतर बघते. आधी ओळी मोजते.